रिकामा राहिलेला शब्द

कल्पना करा, तोराची, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची, चामड्यावर लिहिलेली गुंडाळी समोरच्या कपाटात आहे. दर शनिवारी थोडी थोडी वाचत आलात, ती आज संपवायची आहे. शेवटचा भाग तुम्हाला सुरासकट पाठ आहे. पण दहा ज्यू पुरुष जमल्याशिवाय ती उघडता येत नाही. तुम्ही कपाटाकडे बघत बसला आहात आणि दारात कुणीच येत नाही.

रहमिम पेणकर १९९१ साली असेच बसले होते. बेने इस्रायली ज्यू, मूळचे अलिबागकडचे. दिल्लीत रेल्वेच्या कचेरीत पुलांचे नकाशे काढता काढता निवृत्त झालेले. फरीदाबादला त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहायचो, कारखान्यातला नवा इंजिनियर. पेणकरकाकू वारल्यापासून सिमहात तोराच्या सणाला, म्हणजे तोराच्या आनंदाच्या दिवशी, दिल्लीच्या प्रार्थनामंदिरात मीच त्यांच्यासोबत जायचो. सणाला वाहनात बसू नये, हे त्यांना ठाऊक होतं. "चालत निघालो तर पुढच्या सणाला पोचेन," म्हणायचे.

त्यांच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. स्तोत्रातलं दहा शब्दांचं एक वाक्य म्हणायचं, माणसागणिक एक शब्द. त्या दिवशी काकांनी ते तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा शेवटचा शब्द रिकामा राहिला.

"मी बसू का दहावा?"

"बस की. पण शब्द नाही मिळायचा तुला."

"नऊ म्हणजे नव्वद टक्के झाले, काका."

"अच्छा! नव्वद टक्के पुलावरून गाडी सोडशील?"

दुपारी छापील पुस्तकावर भागवलं. शेवटी लोकांना वाळवंटातून घेऊन आलेला मोशे डोंगरावरून देवाने कबूल केलेला देश पाहतो आणि आत न जाताच मरतो. तिथे थांबायचं नाही. लगेच पहिलं पान, सृष्टीची सुरुवात. "पुस्तक संपलं असं म्हणायची सोयच नाही ठेवलेली," काका म्हणाले. "शिकणं संपलं की आपण संपलो." पण त्यांचा सूर लागला नव्हता. कपाट बंदच राहिलं होतं.

घरी आलो, अंधार पडला आणि अलकाचा फोन आला. त्यांची एकुलती एक मुलगी, इस्रायलला असते. तिथे हा सण एक दिवस आधी. तिचा कालच होऊन गेला होता. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"पप्पा, या ना आता. इथे दहा काय, शंभर जमतात. तुम्हाला गुंडाळीतून वाचायला मिळेल."

"बिल्कुल मिळेल. पण मी नाही आलो तर तिथे कुणाचं अडणार आहे?"



"माझं अडतं, पप्पा."

काकांनी फोन ठेवला. मग स्वतःला न धरता, बोटं मिटत ते वाक्य पुटपुटले. आठव्या शब्दावर थांबले.

"गुणवंत, मोशेला जाता आलं नाही. मला येईल. पण समज मी गेलो, आणि पुढच्या वर्षी नेमका एक नवा माणूस दारात उभा राहिला, तर?"