टोचलेली पाकिटं

साहेबांनी तूरडाळीचं एक किलोचं पाकीट ट्यूबलाइटसमोर धरलं आणि जरा तिरपं केलं. चार-पाच दाणे टपटप त्यांच्या पॉलिश केलेल्या बुटावर पडले.

"राऊत, हे कितवं?"

"या आठवड्यातलं एकेचाळिसावं, सर."

"म्हणजे मोजायचं काम चोख चाललंय."

साहेब म्हणजे आमचे एरिया मॅनेजर. पाच-सहा दुकानं त्यांच्या हाताखाली. त्यातल्या भोकरदनच्या दुकानाचा मॅनेजर मी. दुकान म्हणजे हल्ली ज्याला मार्ट म्हणतात ते. गिऱ्हाइकानं टोपली घ्यायची, रॅकवरून पाहिजे ते उचलायचं आणि दारातल्या काउंटरवर बिल करायचं. कंपनीचं नाव सांगत नाही, नोकरी अजून बाकी आहे.

आमच्या धंद्यात 'डॅमेज' हा शब्द रोज वापरतात. फुटलेला, गळका, विकता न येणारा माल म्हणजे डॅमेज. थोडा डॅमेज सगळीकडेच होतो. पण आमच्या दुकानाचा आकडा बाकीच्या दुकानांच्या तिप्पट झाल्ता. त्यातही गंमत अशी, की बारीक भोकं पडायची ती फक्त ज्वारी, तूरडाळ, तांदूळ आणि शेंगदाणे यांच्या पाकिटांना. साखरेला नाही. बिस्किटांना तर बिलकुल नाही.

पहिला संशय अर्थातच उंदरावर. जालन्याहून पेस्ट कंट्रोलवाले काका आले. बॅटरी घेऊन रॅकखाली झोपून पाहिलं, पाकीट नाकाशी धरून हुंगलं, भोकावरून बोट फिरवलं.

"सर, उंदीर कुरतडतो. त्याचं भोक फाटकं असतं, बाजूला लेंड्या असतात. अन् शेजारची क्रीमची बिस्किटं सोडून तो कच्ची तूर कामून खाईल? हे कुरतडेल न्हाई, टोचेल हाय."

दुसरा संशय पॅकिंगवर. आमच्याकडे मागच्या गोडाऊनमधे गोणी फोडून, वजन करून, मशीनवर पाकीट सील करतात. प्लास्टिक पातळ आलं असेल म्हणून मी तीस पाकिटं घेतली आणि सायकलचं पंक्चर पाहतात तशी बादलीत बुडवून बघितली. एकाचाही बुडबुडा आला नाही. म्हणजे माल गोडाऊनमधून धड निघत होता आणि रॅकवर गेल्यावर त्याला भोकं पडत होती.

मग राहिली माणसं.

त्या रॅकचं काम शोभाताईंकडे होतं. वय चाळिशीचं, राहायला धावड्याला. रोज सकाळच्या एस.टी.नं यायच्या. माल लावणं, तारखा बघणं, रॅक पुसणं, सगळं एकहाती. दोन वर्षांत त्यांना मी एकदाही बसलेलं पाहिलं नव्हतं. साहेबांनी मात्र एक गोष्ट शोधून काढली होती. भोकं पडलेली पाकिटं रॅकवर पुढं कधी नसायची. ती सगळी मागच्या रांगेत, चांगल्या पाकिटांच्या आड सापडायची.

"लपवतीये," साहेब म्हणाले.

"पण सर, दोन दाणे काढून तिला काय मिळणार?"

"डॅमेज माल महिन्याच्या शेवटी स्टाफला कमी भावात देतो ना आपण? टोचायचं, मागं ठेवायचं, महिनाअखेर घरी न्यायचं. राऊत, तुम्ही फार भोळे आहात."

मला भोळा म्हटलेलं सहन होत नाही. तापट माणसाला राग आला की तो विचार करायचं सोडतो आणि काम उरकतो. मी तेच केलं. दुपारी मेमो टाइप केला. मेमो म्हणजे कंपनीनं कर्मचाऱ्याला दिलेला ठपक्याचा कागद. 'आपल्या विभागात मालाची चोरी होत असून तिचा खुलासा शनिवारपर्यंत द्यावा, अन्यथा सेवा समाप्त करण्यात येईल.' खाली माझी सही. शिवाय त्या दिवसापासून रोज सुटताना दारातल्या गार्डनं त्यांची बॅग उघडून बघायची, असा साहेबांचा हुकूम. तोही मी गार्डला सांगितला.

शोभाताईंनी कागद दोनदा वाचला.

"मी न्हाई केलं, सर."

"मग चोरी कोण करतं?"

"कोणीच न्हाई."

"कोणीच नाही? मग भोकं काय आपोआप पडतात?" माझा आवाज चढला होता. काउंटरवरच्या मुली इकडं बघायला लागल्या. शोभाताईंनी कागदाची घडी घातली आणि रॅककडे निघून गेल्या. ते निघून जाणं मी त्यांच्याच गुन्ह्याच्या खात्यात टाकलं.

त्या दिवशी गार्डनं दारात त्यांची बॅग उघडली. डबा, पाण्याची बाटली, एस.टी.चा पास, गुडघ्याला लावायचं मलम. बाहेर जाणारी दोन गिऱ्हाइकं थांबून बघत होती. त्यातली एक बाई त्यांच्याच शेजारच्या गावची होती, हे मला नंतर कळलं. धावड्यात ही बातमी शोभाताईंच्या आधी पोचली असणार. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती कदाचित. पण चोरीपायी काढलेली बाई म्हणून त्या गावात राहणं काय असतं, हे खेड्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी मंठ्याकडच्या खेड्यातलाच आहे. तरी सही केलीच ना.

शनिवारला चार दिवस होते. घरी गेलो तर जेवण जाईना. चोर सापडल्यावर माणसाला बरं वाटायला पाहिजे. मला वाटत नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सीसीटीव्ही लावून बसलो. आमचा कॅमेरा छताला, तिथून डोकी दिसतात, हात दिसत नाहीत. तासन्‌तास डोकी बघितली. शोभाताई माल लावायच्या, पुसायच्या, निघून जायच्या. दुसरं काहीच नाही. एवढं दिसलं, की ज्वारीच्या रॅकपाशी बायका लई वेळ थांबतात. कॅमेऱ्याकडे पाठ. एक हात दुसऱ्या मनगटाकडे जातो. मला वाटलं, बांगड्या सारख्या करत असतील.

आठवडी बाजाराच्या दिवशी दुकान भरून वाहतं. त्या दिवशी मी कंपनीचं जाकीट काढून ठेवलं आणि रॅकच्या पलीकडच्या बाजूला साबणाच्या वड्या रचत बसलो. मधल्या फटीतून ज्वारी दिसत होती.

अकराच्या सुमाराला एक मावशी आल्या, सोबत सून. मावशींनी ज्वारीचं पाकीट उचललं. दाबलं. कानाशी नेऊन हलवलं. मग डाव्या हातातल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, पाकिटाच्या कोपऱ्याला टोचली, भोक जरा रुंद केलं आणि दोन-तीन दाणे तळहातावर घेतले. एक दाणा दाढेखाली धरून फोडला. फटीपलीकडून मला तो आवाज ऐकू आला.

"जुनी हाय," त्या सुनेला म्हणाल्या. "हिची भाकर न्हाई व्हायची."

पिन परत बांगडीला. पाकीट परत रॅकवर, आणि तेही भोक वरच्या अंगाला करून, दाणा सांडू नये म्हणून. मग दुसरं पाकीट उचललं.

मी साबण टाकून पलीकडे गेलो. "मावशी, हे काय करून राह्यल्या?"

त्यांच्या तोंडावर जराही भीती नाही. "दाणा पाहून राह्यले."

"अहो, पाकीट फोडलं तुम्ही."

"फोडलं कुठं? टोचलं. ठेवलं की जागच्या जागी. नेलं का मी?"

"पण असं न टोचताच घ्यायचं असतं इथं."

"न पाहता?" मावशींनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तू बायको न पाहता केली व्हती का रं?"

सून पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिथंच उभ्या असलेल्या आणखी एक बाई म्हणाल्या, "खरंय की भाऊ. काचेतून पाहून ज्वारी कळती का? दाताला कळती."

मला आठवलं, आमची आईही बाजारात असंच करायची. दुकानदाराच्या पोत्यात हात घालायची, मूठभर दाणे तळहातावर पसरायची, फुंकर मारायची आणि एक दाणा दातानं फोडायची. दाणा कडक वाजला तर माल चांगला. तूरडाळ चावून ती शिजंल का नाही तेही सांगायची. दुकानदारही काही म्हणत नसे, उलट न चाखता घेतलं तर त्यालाच चुकल्यासारखं वाटायचं. हे मला ठाऊक होतं. पंधरा वर्षं एसीतल्या दुकानांमधे काढली आणि विसरून गेलो. आमच्या दुकानात पोतं नव्हतं, तर बायकांनी पोत्यात हात घालायची वाट पिनेनं काढली. एवढीच काय ती भानगड.

ज्वारीची गोणी मागं जाऊन पाहिली. माल खरंच मागल्या हंगामाचा होता. ज्वारी जुनी झाली की पिठाची विरी जाते, म्हणजे चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना कडेनं फाटते. हे मावशीला एका दाण्यात कळलं. माझ्या कॉम्प्युटरमधे त्या मालाच्या पुढं 'उत्तम' लिहिलेलं होतं.

शोभाताईंना गोडाऊनमधे गाठलं.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"काय, दाणा पाहतात ते? हो."

"मग मला सांगितलं का नाही?"

त्या खरोखर गोंधळल्या. "तुम्ही कुठं विचारलं, सर? तुम्ही विचारलं चोरी कोण करतं. चोरी तर कोणीच करत न्हाई."

"आणि पाकिटं मागं का लपवत होता?"

"लपवीत न्हवते. टोचेल पाकीट पुढं ठेवलं तर एखाद्याच्या हाती जाईल, घरी जाईस्तोवर पिशवीत सांडंल. म्हणून मागं सारायचे. अन् त्या बायांना हटकलं असतं तर लाजल्या असत्या. एकदा लाजली बाई, की ती परत या दारात येत न्हाई, अन् तिच्या गल्लीतली दुसरीबी येत न्हाई."

मी साहेबांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "बोर्ड लावा. पाकीट टोचणाऱ्यावर कारवाई होईल."

"सर, बोर्ड लावला तर पाकिटं शाबूत राहतील आणि दुकान रिकामं होईल. त्यापेक्षा रॅकसमोर प्रत्येक धान्याची एक उघडी ताटली ठेवू. बघा, चावा, मग घ्या."

"प्लॅनोग्राममधे ताटली कुठं आहे?"

प्लॅनोग्राम म्हणजे कोणत्या रॅकवर काय ठेवायचं, त्याचा हेड ऑफिसनं पाठवलेला नकाशा. आमच्या धंद्यात तो देवाच्या फोटोच्या खालोखाल असतो. मी म्हणालो, "एक महिना द्या, सर. नाही जमलं तर मलाच मेमो द्या."

"तुमच्या जबाबदारीवर," म्हणाले आणि फोन ठेवला. साहेब लोकांचा होकार असाच असतो.

ज्वारीचा जुना लॉट परत पाठवला, नवा मागवला. चार स्टीलच्या ताटल्या आणल्या. पहिले दोन दिवस बायका ताटलीला हात लावीनात, विकायला ठेवलीय का काय म्हणून बिचकायच्या. तिसऱ्या दिवसापासून हात जायला लागले. पिना बांगड्यांवरच राहिल्या. शेंगदाण्याची ताटली दुपारपर्यंत साफ व्हायची, त्यात दाणा पाहणारे कमी आणि चघळणारे जास्त. तेवढा डॅमेज मी मुकाट्यानं सोसला.

पण हे पुढचं झालं. त्याआधी शुक्रवारी मी शोभाताईंना केबिनमधे बोलावलं होतं. खुर्ची दिली, चहा मागवला. मेमो त्यांच्यासमोर फाडला आणि म्हणालो, "ताई, झालं ते विसरून जा. माझ्याकडून चूक झाली. तुमच्यावर आता काही नाही."

त्यांनी चहाला हात लावला नाही.

"सर, मेमो तुम्ही बाहेर दिला, सगळे ऐकत व्हते. बॅग दारात उघडली, गिऱ्हाइकं पाहत व्हते. माझ्या सासूला गावात दोघींनी विचारलं, तुमच्या सुनेनं काय घेतलं म्हणून." त्या थांबल्या. आवाज चढलेला नव्हता. "अन् चूक झाली हे तुम्ही दार लावून सांगून राह्यले."

मला लाज वाटली. शब्दशः कान गरम झाले. नोकरीत बॉसनं झापलं, गिऱ्हाइकानं शिव्या घातल्या, तेव्हा असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. खुलाशाची शेवटची तारीख. दुकान उघडण्याआधी आमची रोजची मीटिंग असते, दारातल्या काउंटरपाशी, उभ्यानं. चौदा जणांचा स्टाफ आणि गार्ड. त्या दिवशी मी शटर अर्ध्यावर न ठेवता पूर्ण वर करायला लावलं. बाहेर पाच-सात गिऱ्हाइकं थांबलेली होती, त्यांनाही ऐकू जावं म्हणून. मग बोललो. शोभाताईंनी काही घेतलं नाही, घ्यायचा प्रश्नच नव्हता, चोरी झालीच नव्हती. मी नीट न बघता सही केली आणि मीच त्यांची बॅग तपासायला लावली. चूक माझी. दोन मिनिटांचं बोलणं. गार्ड खाली मान घालून उभा होता. त्याचा काय दोष?

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शोभाताई सगळ्यांच्या मागं उभ्या होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "बराबर. सर, नवी ज्वारी आली, गोणी सोडू का?"

"सोडा," मी म्हणालो.

त्यांची सासू पुढच्या बाजारच्या दिवशी मुद्दाम दुकानात आली. ताटलीतला दाणा फोडला, दोन पाकिटं घेतली आणि माझ्याकडं नीट बघून बिल केलं.

संशय घ्यायला मला एक सही पुरली होती. तो फेडायला शटर उघडून वीसेक माणसांसमोर बोलावं लागलं, आणि तरी धावड्यातल्या सगळ्यांच्या कानावर ते गेलं असेल, याची खात्री मला आजही नाही.