मास्तर नुसते ओरडले

मास्तरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी एका विजेच्या खांबाच्या दिशेनं निघालो होतो. खांब आपल्या जागी उभा होता, त्याची काही चूक नव्हती. गाडीत बसून मला जेमतेम दोन मिनिटं झाली होती आणि समोरचं चाक हे पडू नये म्हणून धरायला दिलेलं असतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. तेवढ्यात शेजारच्या सीटवरून आवाज आला, "ब्रेक!"

आवाज म्हणजे काय सांगू! तारेवरची कबुतरं जी उडाली, त्यातली काही अजून परत आलेली नाहीत. पलीकडच्या दवाखान्यात दात उपटणाऱ्या डॉक्टरांनी दात तसाच सोडून दोन्ही हात वर केले. दोन गल्ल्या सोडून एक सायकलवाला खाली उतरून उभा राहिला आणि आपलं काय चुकलं याचा विचार करू लागला. माझा पाय तर मला न विचारताच खाली गेला. गाडी थांबली, खांब वाचला. मी वळून पाहिलं. हा एवढा आवाज ज्याच्यातून निघाला तो माणूस सीटवर उशी घेऊन बसला होता, कारण उशीशिवाय त्याला काचेबाहेरचं दिसत नव्हतं.

"थांबवायला शिकलात," तो म्हणाला. "आता फक्त चालवायचं राहिलं."

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शिकवणाऱ्याच्या. बाकीचे शिकवणारे काही न बोलता आपला ब्रेक दाबून मोकळे होतात. मास्तरांना ते मुळीच मान्य नव्हतं. "असा मुकाट ब्रेक मारला की शिकणाऱ्याचा पाय आळशी होतो," ते म्हणायचे. "आधी ओरडायचं. मग त्याच्या पायाची वाट बघायची. नाहीच हलला, तर आपण आहोतच." त्यांची ही पद्धत इतकी पक्की होती की एकदा बँकेच्या रांगेत गप्पा मारता मारता ते सहज "ब्रेक" म्हणाले आणि पुढच्या चौघांनी जागच्या जागी पाय दाबला. चौघंही त्यांचे जुने विद्यार्थी. इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता. हे ते स्वतः सांगायचे, आणि आपण विचारायची वाट बघायचे नाहीत.

अशा माणसाच्या हातून ते झालं.

मला ते पुढे वहिनींनी सांगितलं. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. सुट्टीच्या दिवशी दुपारी दोघं मेहुणीकडून परत येत होती. घरच्या गाडीत. म्हणजे ब्रेक एकच, आणि तो मास्तरांच्या पायाशी. वहिनींना गाडी चालवता येत नाही. मास्तर शहराला शिकवतात, पण घरी शिकवत नाहीत. रस्त्याच्या कडेला सामानाच्या गाड्यांची रांग उभी होती आणि दोन गाड्यांच्या मधून, दोन्ही हातांत दोन पिशव्या घेऊन, एक आजी रस्त्यावर आल्या.

मास्तरांनी त्यांना वेळेवर पाहिलं. हे महत्त्वाचं आहे. दिसल्याच नाहीत असं नाही. पाहिलं, आणि इतकी वर्षं जे करत आले तेच केलं. छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "ब्रेक!"

आणि शिकणाऱ्याच्या पायाची वाट बघत राहिले.

वहिनींना गाडीतलं काही कळत नसलं तरी दोन सीटच्या मधली ती हँडब्रेकची दांडी त्यांच्या ओळखीची होती, कारण त्यांची पर्स तिलाच अडकवलेली असायची. त्यांनी पर्ससकट ती दांडी दोन्ही हातांनी वर ओढली. मागची चाकं किंचाळली, इंजिन आचका देऊन बंद पडलं. गाडी थांबली तेव्हा आजींची पिशवी पुढच्या नंबरपट्टीला टेकली होती. पिशवीतला एक बटाटा घरंगळत गाडीखाली गेला.

आजी खिडकीशी आल्या. मास्तरांनी काच खाली केली आणि गाल पुढे केला. एक सणसणीत थोबाडीत बसावी अशी त्यांची फार इच्छा होती. आजींनी त्याच गालावरून हात फिरवला.

"देवासारखा भेटलास रे बाबा. दुसरा कुणी असता तर आज मी नव्हतेच. काय तुझा पाय! काय तुझा ब्रेक!"

इथं मास्तरांना सांगता आलं असतं. वहिनी शेजारीच होत्या, दांडी अजून त्यांच्या हातात होती. मास्तर म्हणाले, "सावकाश जा हं, आजी."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दांडीवरची पर्स काढून मांडीवर घेतली. ती पर्स त्या दिवसापासून दांडीला परत कधी अडकली नाही.

झालेल्या अपघाताचं निदान बरं असतं. लोक भेटायला येतात, फळं आणतात, कुठं लागलं ते विचारतात. न झालेल्या अपघाताचं दुखणं घेऊन माणसानं जायचं कुठं? हाड मोडलेलं नाही, पत्र्याला पोचा नाही. दाखवायचं काय? मास्तरांनी ते कुणालाच दाखवलं नाही. गाडी का काढत नाही असं विचारलं की आधी म्हणाले, गाडीची बॅटरी उतरली. मग म्हणाले, गुडघा दुखतो. मग म्हणाले, गाडीखाली मांजर व्यालंय, बिचारीला कशाला उठवा. शेजारच्यांनी वाकून पाहिलं, मांजर नव्हतं. तरी रोज सकाळी गाडी धुवायचे, पुसायचे, काचा चकचकीत करायचे, आणि मग चालत कामाला जायचे. जेवताना त्यांचा पाय टेबलाखाली एकदम दाबला जायचा आणि टेबल ताटांसकट पुढे सरकायचं. वहिनी ते परत जागेवर ओढायच्या. दांडी ओढल्यासारखंच.

घरातलं मला पुढे कळलं, पण शिकवणीतलं मी गाडीत मागे बसून बघत होतो. तिथं पद्धत अशी की एक शिकतो आणि बाकीचे पाळी येईपर्यंत मागे बसतात. मी तोवर परीक्षेत दोनदा नापास झालो होतो, त्यामुळे मागची सीट जवळपास माझ्या नावावरच होती. मास्तरांचा आवाज गेला होता. ओरडणं बंद. आता नुसता पाय. रस्त्यावर वाळकं पान दिसलं की ब्रेक. झाडाची सावली हलली की ब्रेक. एकदा जाहिरातीच्या फलकावर एक बाई रस्ता ओलांडताना दाखवली होती, तिच्यासाठीही आम्ही थांबलो. सगळी गाडी उचकी लागल्यासारखी चालायची.

"मास्तर हल्ली फार प्रेमळ झालेत," एक जण म्हणाला. "ओरडत नाहीत."

प्रेमळ कसले, घामानं त्यांची उशी भिजलेली असायची.

त्यात आजींनी रस्त्यावरच्या लोकांकडून मास्तरांचं नाव विचारून घेतलं आणि ती गोष्ट सगळीकडे केली. भाजीवाल्यापासून दवाखान्यापर्यंत. जो तो मास्तरांना थांबवून विचारायचा, "काय ऐकतोय ते खरं का? आजींना वाचवलंत म्हणे!"

"हं," मास्तर म्हणायचे.

त्या "हं"ला काही वजन नसतं असं आपल्याला वाटतं. पण मी जवळून पाहिलंय, प्रत्येक "हं"बरोबर तो माणूस बोटभर खाली जायचा. उशी होती म्हणून दिसत होता.

आणि मग आजींनी आपली सून शिकायला पाठवली. "शिकायचं तर त्याच मास्तरांकडे," असा हुकूम होता. सूनबाई गाडीत बसल्या त्याच मुळी उत्साहात. "आमच्या सासूबाई तर तुमचं नाव घेतल्याशिवाय जेवत नाहीत, मास्तर! तो ब्रेक मला पण शिकवायचा हं."

मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आरसा नीट करून घ्या."

सूनबाई चांगल्या चालवत होत्या. हे मी मत्सरानं सांगतोय. पण मास्तरांचा पाय त्यांना चालवू देईना. कोपऱ्यावर ब्रेक, दुकानासमोर ब्रेक, काहीच नसलेल्या सरळ रस्त्यावर ब्रेक.

"अहो मास्तर, गाडी मी चालवतेय की तुम्ही?"

"तुम्हीच."

"मग मला चालवू द्या की! आत्ता कोण होतं समोर?"

"कुणी नव्हतं," मास्तर म्हणाले. आणि अगदी हळू, "पण आलं असतं."

मागून मी हसणार होतो. आरशात त्यांचा चेहरा दिसला आणि हसायचं राहून गेलं.

सूनबाईंनी गाडी स्वतःच्या घराकडे वळवली. फाटकात आजी तयार होऊन उभ्या होत्या, हातात पिशवी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा.

"आलास? बरं झालं. मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. सूनबाई, तू मागे बस. हा चालवेल. हिच्यावर नाही बाई माझा भरवसा. तू चालवणार असशील तरच बसते."

मास्तर गाडीतून उतरले. चालकाच्या सीटकडे त्यांनी एकदा पाहिलं. मला वाटलं, आता गुडघा दुखणार. मांजर तरी व्यायला हवं होतं कुठंतरी.

"आजी," ते म्हणाले, "तो ब्रेक मी नाही मारला."

"काय म्हणतो हा?" आजींनी सुनेला विचारलं.

"माझ्या बायकोनं मारला. हाताचा ओढला तिनं. मी... मी नुसता ओरडलो."

सूनबाईंना कळेना. "म्हणजे? गाडी तुम्हीच चालवत होतात ना? मग ओरडलात कुणाला?"

"मलाच."

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, मी तर हसण्यावरच जगतो. पण मी गाडीच्या छताला किती भोकं आहेत ते बघू लागलो.

यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण आजींना ऐकू कमी येतं, आणि त्यांना सगळं नीट समजायला हवं होतं. तेव्हा सूनबाई त्यांच्या कानाशी वाकल्या आणि तीच गोष्ट पहिल्यापासून, शेजारच्या घरांनाही पोचेल अशा आवाजात सांगितली. "यांनी नाही मारला ब्रेक! बायकोनं मारला! हे नुसते ओरडले! हो! स्वतःलाच!" वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारा एक माणूस चिमटा हातात धरून थांबला. मास्तर मान खाली घालून उभे होते. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं.

"ओरडला?" आजी म्हणाल्या. "मला तर काहीच ऐकू आलं नाही."

ज्या आवाजानं कबुतरं देशोधडीला लागायची, त्याचा हा निकाल.

आजींनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"म्हणजे माझा जीव तुझ्या बायकोनं वाचवला, आणि गोडवे मी तुझे गात बसले. तिला पाठवून दे कधीतरी. तू नको येऊस."

आणि त्या पायी निघाल्या. सूनबाई त्यांच्यामागे. शिकवणीची गाडी त्यांच्या फाटकात आडवी उभी होती. नेणार कोण? मास्तर आपल्या सीटवर उशीवर जाऊन बसले. दोनदा नापास झालेल्या माणसानं, म्हणजे मी, ती परत नेली. वाटेत मास्तरांनी एकदाही ब्रेक मारला नाही. दोन ठिकाणी मारायला हवा होता.

घरी जाऊन त्यांनी वहिनींना सांगितलं, "सांगून आलो आज. की ब्रेक तू मारलास म्हणून."

"बरं केलंत," वहिनी म्हणाल्या आणि भांडी घासत राहिल्या. मग नळ बंद केला. "त्यानंतर कितीतरी दिवस माझा हात थरथरत होता. चहा बशीत सांडायचा. आठवतं, तुम्ही काय म्हणालात?"

मास्तरांना आठवत नव्हतं.

"'नीट धर,' म्हणालात."

मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभेच राहिले. इतके दिवस भीती आपल्या एकट्याला वाटतेय, लाज आपल्या एकट्याची आहे, असं धरून ते टेबलं ढकलत बसले होते, आणि ज्या हातानं आजींना वाचवलं तो हात समोर थरथरताना यांनी त्याला शिकवणी दिली होती. आजींच्या फाटकात वाटली त्यापेक्षा ही लाज मोठी होती, असं ते मला पुढे म्हणाले. तिथं निदान माणसं होती. इथं ही एकटीच, आणि तीही रागावलेली नव्हती.

"परत बसायचंय का तुम्हाला गाडीत?" वहिनींनी विचारलं.

"बसवत नाही गं."

"मी बसते शेजारी."

बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात दोघं जाऊ लागली. गाडी तिथवर दोघांनी मिळून ढकलत नेली, असं शेजारी सांगतात. ते खोटं आहे, मी चालवत नेली. तोवर मी पास झालो होतो. मैदानात मास्तर स्टिअरिंगवर, वहिनी शेजारी, एक हात दांडीवर. गाडी इतकी हळू चालायची की एक कुत्रं तिच्या पुढ्यात झोपलं आणि झोप पूर्ण करून उठलं. मधूनच वहिनी म्हणायच्या, "ब्रेक." अगदी साध्या आवाजात, मीठ दे म्हणावं तसं. मास्तर पाय दाबायचे. गाडी थांबायची.

"अजून एकदा?" वहिनी विचारायच्या.

"थांब जरा."

असं बरेच दिवस चाललं. एक दिवस मास्तर स्वतःहून मैदानाबाहेर रस्त्यावर आले, पहिल्या वळणापर्यंत गेले आणि परत आले. खाली उतरले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. मी टाळ्या वाजवायला हात उचलले, तर म्हणाले, "नको. टाळ्या नकोत."

त्याच वर्षी मास्तरांनी शिकवणं सोडलं. आता ते ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात बसून नव्या लोकांचे फोटो आणि सह्या घेतात. मेहुणीकडे महिन्यातून एकदा गाडीनं जातात, लांबच्या रस्त्यानं. सूनबाईंनी दुसरीकडे नाव घातलं. आजींकडे वहिनी एकदा जाऊन आल्या. आजींनी त्यांना ओळखलं नाही.