डाव्या पायाची धार

उस्तादाला विचारा, जगात चढायला सगळ्यात अवघड काय? तो सांगेल, "स्टूल." थट्टा नाही हो, खरंच. घरातला दिवा गेला की बायको स्टुलावर चढते आणि हा खाली स्टूल धरून उभा राहतो, तेही डोळे मिटून. आणि हाच गडी गेली तीस वर्षं कडे चढणाऱ्यांच्या बुटांचे तळ बदलतो आहे!

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक घासायचं यंत्र, रबराचे तक्ते, लाकडी साचे आणि कपड्यांतून न जाणारा रबर चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. भिंतीवर गिऱ्हाइकांनी आणून दिलेले फोटो: के-टू, आयगरची उत्तरेकडची भिंत, समुद्रातून सरळ उठलेले कडे. यातलं एकही ठिकाण उस्तादाला नकाशावर दाखवता यायचं नाही. पण झिजलेला बूट हातात दिला की तो म्हणणार, "घाबरलास की टाच खाली सोडतोस." गिऱ्हाईक ओशाळतं, कारण ते खरं असतं.

त्या गिऱ्हाइकांत एक डोंगरवाली होती. हे नाव उस्तादाच्या बायकोनं दिलेलं. किलोमीटरभर उंच, नागड्या दगडाची एक भिंत तिला चढायची होती. त्या भिंतीवर बरंच वर एक गुळगुळीत टप्पा आहे, चढणारे त्याला आरसा म्हणतात. तिथे डाव्या पायापुरती नखाएवढी कड, बाकी काही नाही. पहिल्या खेपेला तिथेच पाऊस आडवा आला, दुसऱ्या खेपेला बुटाचा तळच संपला आणि पाय सुटला. दोरीनं वाचली. आता वय एकोणचाळीस, गुडघा कुरकुरणारा, आणि ही शेवटची खेप हे तिनं स्वतःच ठरवलेलं. बूट तेच, आठ वर्षांचे. दुसरे पायाला बसतच नव्हते.

उस्तादानं जीव ओतून काम केलं. डाव्या बुटाचं टोक बाहेरच्या अंगाला तिरकं झिजलेलं होतं. तिरकं त्याला जन्मात खपत नाही. त्यानं नवं रबर लावून टोक उजव्यासारखं नीट गोल करून दिलं, वर कौतुकानं दाखवलंही.

तिनं बूट घातला, उंबऱ्याच्या कडेवर पाय टेकला आणि तिचा चेहरा उतरला. तिनं बूट आणि मोजा काढला. डाव्या अंगठ्याचं शेवटचं पेर नव्हतंच. बर्फानं कधीच खाल्लं होतं. ती उभी राहायची ती दुसऱ्या बोटावर, आणि तो तिरकेपणा तिनं आठ वर्षं दगडावर घासून घासून कमावलेला.

"चूक माझी," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं."

"तुझी कसली? तीस वर्षं झिजलेलं वाचतो म्हणून मिरवतो मी," उस्ताद म्हणाला. त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली. जुना तळ कचऱ्यात गेलेला, आणि तिची गाडी तीन दिवसांवर.

रात्री त्याला जेवण गेलं नाही. "रबर आहे भरपूर," तो बायकोला म्हणाला. "पण कोन कुठला द्यायचा? भार टाकल्यावर बोट कसं वळतं ते दिसल्याशिवाय कसा कळणार?"

"मग बघा जाऊन. मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही," बायको भात वाढत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या सरावाच्या खडकाला शिडी लागली. डोंगरवाली वर नखाएवढ्या कडेवर डाव्या पायानं उभी. खाली तिनं स्वतः गाठ मारून दोरीला बांधलेला उस्ताद. पाचव्या पायरीला त्याला देव आठवला, सहाव्या पायरीला बायको. आठवीला त्यानं शिडीला मिठी मारली ती सुटेचना.

"उस्ताद, उतरा. राहू दे," ती वरून म्हणाली.

"गप उभी राहा. पाय हलवू नकोस."

अकराव्या पायरीवर तिचा पाय त्याच्या नाकासमोर आला. आणि मग भीती कुठे गेली कोण जाणे, त्याला फक्त रबर दिसायला लागलं. टाच इतकी आत वळते, भार इथे येतो, इथे रबर नुसतंच फुगून पायाला ढकलतं. त्यानं खडूनं रेघ मारली, पुन्हा भार टाकायला लावलं, रेघ सुधारली. तासभर तो तिथेच होता. उतरताना मात्र सरावाला आलेल्या दोघांनी धरून आणावा लागला. दुकानात येऊन त्यानं यंत्राला हात न लावता कानशीनं डाव्या बुटाच्या टोकाची धार घासली, इतकी वाकडी, की त्याचं त्यालाच बघवेना.

पाच आठवड्यांनी ती आली. नाकाची सालं निघालेली, ओठ फुटलेले. उस्तादानं आधी बूट घेतले आणि डावा पालथा केला. धारेवर आतपर्यंत दगडाची पांढरी भुकटी बसली होती, आणि रबर त्या रेघेवरच झिजलं होतं, सूतभरही इकडेतिकडे नाही.

"घसरला?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग झालं माझं."

"वर पोचले का, ते नाही विचारणार?"

"पोचलीस?"

"पोचले. उस्ताद, दोन्ही खेपांना आरशावर मी पायाकडेच बघत होते, सुटतोय का म्हणून. या वेळी पाय ठेवला आणि खाली बघितलंच नाही. पुढचाच दगड शोधत होते."

उस्तादाचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला जिन्याखाली जागा नव्हती. त्यानं तिला खुर्ची दिली आणि चहा आणायला स्वतः गेला.