कॉम्प्युटरचं जाकीट

विदोसावाच्या घरात दोन खिडक्या एकाच वेळी कधी उघडत नसत. स्वयंपाकघरातली उघडायची तर आधी बाल्कनीचं दार लावायचं, मग मधलं दार लावायचं आणि मगच कडीला हात घालायचा. दोन उघड्या जागांमधून घरात शिरून माणसाच्या मानेवरून आरपार जाणारा वारा, ती प्रोमाया, विदोसावाची जन्माची वैरीण होती. वाल्येवो गावात तिला सगळेच थोडेफार भितात. विदोसावा मात्र तिच्यावर पाळत ठेवून असे. शेजारच्या ल्यूबिंकाचं तोंड वाकडं झालं ते प्रोमायेमुळे. नवऱ्याची, रातोमिरची, दाढ दुखते ती प्रोमायेमुळे. धाकट्या नणंदेचा घटस्फोट झाला, त्याचंही कारण तिला ठाऊक होतं.

"समुद्रावर गेली तेव्हा गाडीच्या दोन्ही काचा खाली होत्या," ती सांगे. "मी तेव्हाच म्हटलं होतं, हे काही टिकत नाही."

कापडाच्या कारखान्यात ती नमुने काढायच्या खात्यात होती. कारखाना बंद पडल्यावर तिने घरीच भरतकामाचं छोटं यंत्र घेतलं आणि कागदावर काढायचे ते नमुने कॉम्प्युटरवर काढायला शिकली. हात तयारच होता, उंदीर, म्हणजे कॉम्प्युटरचा माऊस, धरायला तेवढा वेळ लागला. कॉम्प्युटरचा खोका टेबलाखाली, बाल्कनीच्या दारालगत होता. दाराच्या फटीतून तिथे वाऱ्याची बारीक धार येते, हे तिला पायाच्या घोट्यांवरून कळलं. पहिल्याच हिवाळ्यात तिने खोक्यासाठी एक जाकीट विणलं. किरमिजी लोकरीचं, घट्ट विणीचं, कडेला झालर आणि बटण दाबायच्या जागी एक काज.

"बाह्या राहिल्या," रातोमिर म्हणाला.

"त्याला हात नाहीत," ती म्हणाली आणि कॉम्प्युटरच्या पडद्याच्या डोक्यावर क्रोशाचा पांढरा रुमाल घातला.

या वर्षी नाताळ झाला आणि कॉम्प्युटरने रंग दाखवायला सुरुवात केली. द्राक्षवेलीचं पान काढायला घ्यावं, तर मध्येच जुगाराची चाकं फिरायला लागत. ती घालवावीत तर आठवड्यात बारीक झालेली कुणी बाई कंबरेवर हात ठेवून उभी राही. शेवटी एक दिवस सगळा पडदा लाल झाला. त्यावर लिहिलं होतं, तुमचा कॉम्प्युटर आजारी आहे, उपचारासाठी इथे दाबा. विदोसावाने दाबलं. आजाऱ्याला औषध नाही म्हणायचं का? त्यानंतर खोका ट्रॅक्टरसारखा धापा टाकू लागला आणि मनात येईल तेव्हा स्वतःच बंद पडू लागला.

वेळ वाईट होती. गावच्या लोकनृत्याच्या पथकाला नवे एप्रन हवे होते. त्यांच्यावर विदोसावाच्या आईच्या गावाकडची द्राक्षवेल भरायची होती. एकेक पान, वेलीचा एकेक वळणदार तणावा तिने अख्खा हिवाळाभर बसून काढला होता. एप्रन भरणार होते मोठ्या यंत्रांच्या कारखान्यात, आणि तिथे नमुना शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोहोचायला हवा होता. नाही पोहोचला तर पथकाची प्रमुख बोसिल्का बेलग्रेडच्या एका व्यापाऱ्याकडून तयार एप्रन घेणार होती. पॉलिस्टरवर छापलेल्या द्राक्षांचे.

"छापलेली सुद्धा छान दिसतात गं लांबून," बोसिल्का फोनवर म्हणाली होती. विदोसावा तीन दिवस ते वाक्य चघळत होती.

"सगळ्या खिडक्या बंद," रातोमिर सोफ्यावरून म्हणाला, "तरी व्हायरस आत आला कसा?"

"तुझ्या माशांबरोबर आला." रातोमिरला नदीतले मोठे मासे पकडणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघायचा नाद होता. "दिसेल त्यावर बोट दाबतोस. मिशावाला मासा दिसला की तुझी अक्कल पाण्यात."

शुक्रवारी दुपारची जेवणं झाल्यावर स्लावोल्यूब आला. त्यांच्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला, म्हणजे त्यांचा कुम. हे नातं भावाहून जवळचं असतं. तो विदोसावाला कुमो म्हणे आणि रातोमिरला कुमे. कुम बोलावणं टाळत नाही आणि त्याला काही खाल्ल्याशिवाय उठता येत नाही. बस स्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. विदोसावाने आधी चमचाभर चेरीचा मुरंबा आणि पाणी दिलं, मग कॉफी, मग कॉम्प्युटर.

त्याने सगळ्यात आधी इंटरनेटची वायर काढली. "आधी बाहेरचं दार लावून घेऊ, कुमो."

"बघ," ती नवऱ्याला म्हणाली, "याला म्हणतात समज."

मग त्याने कॉम्प्युटर अगदी मोजक्या गोष्टींवर चालू केला आणि आत काय काय बसवलंय ते वाचायला लागला. वाचता वाचता थांबला.

"कुमो, हा 'सोनेरी कप' काय आहे?"

विदोसावाला एकदम स्वयंपाकघरात काहीतरी उतू गेल्यासारखं वाटलं. ती तिकडे धावली. गॅसवर काही नव्हतं. रातोमिर सोफ्यावरून उठून टेबलाशी आला. गेल्या कित्येक महिन्यांत तो इतक्या चटकन उठला नव्हता.

"कप? कसला कप?"

"कॉफी पिऊन कप पालथा घालायचा," स्लावोल्यूब पडद्यावरचं वाचत म्हणाला, "मग आतल्या गाळाचा फोटो काढून यात टाकायचा. हा भविष्य सांगतो."

"ल्यूबिंकाकडे जायचीस ना तू कप दाखवायला!" रातोमिर म्हणाला.

"ल्यूबिंकाला हल्ली कोणाच्याही कपात स्वतःची सूनच दिसते," विदोसावा दारातून म्हणाली. "हा फुकट होता."

"फुकट होता म्हणूनच," स्लावोल्यूब म्हणाला. "सगळी घाण यानेच आत आणली. आणि त्या लाल पडद्याला तू हो म्हणालीस, तेव्हा उरलेली आली."

"भविष्य काय सांगितलं त्याने?" रातोमिरने विचारलं.

"लांबचा प्रवास."

"आणखी?"

"जवळच्या माणसापासून सावध राहा."

"आणि मी महिनाभर माझ्या माशांच्या नावाने बोलणी खातोय!"

"तुझे मासे काही धुतल्या तांदळाचे नाहीत, कुमे," स्लावोल्यूब म्हणाला. "त्यांच्यामागूनही दोन आले आहेत." विदोसावाने त्याच्या ताटलीत पनीरच्या पाईचा मोठा तुकडा वाढला.

त्याने सोनेरी कप काढला, जुगाराची चाकं काढली, बारीक झालेल्या बाईला घालवलं. दुकानातून आणलेल्या पेन ड्राइव्हवरून सगळा कॉम्प्युटर तपासायला लावला. "पासवर्ड सगळे बदल. फोनवरून बदल, यावरून नको. बँकेचा आधी. आत्ता काय आहे?"

ती त्याच्या कानाशी वाकली.

"प्रोमाया? पासवर्ड प्रोमाया आहे?"

"वैरिणीचं नाव कोण विसरतं?"

एवढ्यात खोक्याने एक लांब सुस्कारा टाकला आणि पडदा काळा झाला. स्लावोल्यूब टेबलाखाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"कुमो, याने काय घातलंय?"

"जाकीट."

"का?"

"तिथे वारा लागतो."

त्याने जाकीट काढलं, झाकण उघडलं आणि आतल्या पंख्यावरून किरमिजी लोकरीची एक जाड पोळी सोलून काढली. विदोसावाने ती हातात घेतली. लोकर चांगली होती.

"हा आजारी नव्हता फक्त," स्लावोल्यूब म्हणाला, "याचा जीव गुदमरत होता. आतला बोर्ड बघ, त्यावरचे हे वीज साठवणारे छोटे डबे फुगलेत. याच्यात आता राम नाही. मी तुला नवा जुळवून देतो. तुझ्या नमुन्यांना मेमरी भरपूर टाकू, डिस्क वेगवान घेऊ, आणि नमुन्यांची दुसरी प्रत ठेवायला वेगळी डिस्क. वीज देणारा डबा स्वस्तातला घ्यायचा नाही."

"मासे नीट दिसतील असं काही टाकता येईल?" रातोमिरने विचारलं.

"खोका कसा असेल?" विदोसावाला तेच महत्त्वाचं होतं. "मला भोकं नकोत. बंद हवा. कपाटासारखा."

"पुढे जाळी असते, कुमो. पुढचे पंखे हवा आत घेतात, मागचा बाहेर टाकतो."

"म्हणजे इकडून आत आणि तिकडून बाहेर?" ती खुर्चीवर बसली. "आरपार?"

"आरपार."

"म्हणजे प्रोमाया."

"प्रोमायाच. कॉम्प्युटर तिच्यावरच जगतो."

रातोमिरने हसू आवरायला तोंडात पाई कोंबली. विदोसावा मात्र घड्याळाकडे बघत होती. "नवा कधी येईल?"

"दोन आठवडे तरी."

"आणि वेल?"

वेल पूर्ण झाली होती, पण भरतकामाच्या यंत्राला कळेल अशा रूपात ती बदलायची राहिली होती. ते करणारा प्रोग्राम याच कॉम्प्युटरला बांधलेला होता. डिस्क काढून दुकानात नेऊन उपयोग नव्हता. स्लावोल्यूबने झाकण उघडंच ठेवून कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. नमुना निम्मा झाला आणि पडदा पुन्हा काळा.

"याला एक तास गार वारा हवा. टेबलफॅन आहे?"

नवरा-बायको एकमेकांकडे बघू लागले. या घरात फॅन?

"तू नव्या घरात राहायला गेलास तेव्हा आम्ही तुला दिला तो," रातोमिर म्हणाला.

"तो कधीच जळला." स्लावोल्यूबने बाल्कनीच्या दाराकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. बाहेर फेब्रुवारी होता, मेद्वेदनिकच्या डोंगरावर बर्फ होतं. कुम झाला म्हणून माणसाने बायकांना काय वाटेल ते सांगायचं नसतं.

विदोसावा उठली. तिने खुंटीवरची शाल डोक्यावरून घेऊन गळ्याशी गाठ मारली. रातोमिरच्या डोक्यावर लोकरी टोपी कानांपर्यंत ओढली. कुमाच्या गळ्यात मफलर गुंडाळला. मग स्वयंपाकघरात जाऊन खिडकी उघडली आणि परत येऊन, छातीवर क्रूसाची खूण करून, बाल्कनीचं दार सताड उघडलं.

प्रोमाया इतक्या वर्षांची उपाशी होती. खिडक्यांचे पडदे छताला लागले, कॉम्प्युटरवरचा क्रोशाचा रुमाल उडून सोफ्यामागे पडला, मधलं दार धाडकन आपटलं आणि खालच्या मजल्यावरून कोणीतरी काठीने छत ठोकलं. विदोसावा खांदे आक्रसून खुर्चीवर बसली आणि उंदरावर हात ठेवला.

"चालतोय," स्लावोल्यूब दात वाजवत म्हणाला.

पान झालं, तणावा झाला, घोस झाला. ती एकदाही उठली नाही. शेवटची रेघ संपल्यावर नमुना पेन ड्राइव्हवर घेतला, खबरदारी म्हणून दुसऱ्यावरही घेतला, आणि मगच ती दार लावायला धावली. स्लावोल्यूब तो ड्राइव्ह घेऊन थेट कारखान्यात गेला. मफलर त्याच्याच गळ्यात राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विदोसावाने अंथरुणातच मान डावीकडे वळवून पाहिली. वळली. उजवीकडे वळवली. तिकडेही वळली. दाढा चाचपल्या, तोंड उशाजवळच्या आरशात पाहिलं. कुठे काही नव्हतं. तिला थोडं वाईटच वाटलं. इतकी वर्षं आपण सांगतोय, आणि आता कुमाला काय तोंड दाखवायचं?

"विदो," मागून क्षीण आवाज आला. "माझी मान वळत नाहीये."

तिचा चेहरा उजळला. ती उठली, राकियाच्या कडक दारूत फडकं भिजवलं आणि नवऱ्याच्या मानेला करकचून बांधलं.

"मी काय सांगत आले?"

"खिडकी तू उघडलीस!"

"कॉम्प्युटरसाठी उघडली. मध्ये जाऊन बसायला तुला कोणी सांगितलं होतं?"

नवा कॉम्प्युटर आला, काळा, पुढे जाळी असलेला. विदोसावाने त्याच्यामागे हात धरून पाहिला आणि मग दुसऱ्या बाजूनेही. "बाहेर टाकतो ती हवा गरम आहे," तिने जाहीर केलं. रातोमिरने आपली खुर्ची हळूहळू सरकवत त्याच्या पाठीशी आणली. त्याची पावलं आता ऊबदार राहतात. जुनं जाकीट तिने उसवलं आणि त्या लोकरीचा त्याच्यासाठी मफलर विणला.

एप्रिलमध्ये संस्कृती भवनात पथक नाचलं. मुलींच्या कमरेला वेल होती, भरलेली, आणि त्या वळल्या की घोस हलत होते. "जवळून छान दिसतंय गं," पुढच्या रांगेतून बोसिल्का मागे वळून म्हणाली. विदोसावाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. सभागृहाचं डावीकडचं दार उघडं होतं आणि उजवीकडचंही. तिला ते केव्हाच दिसलं होतं. तिने शाल गळ्याशी घट्ट धरली, आणि शेवटचं नृत्य संपून टाळ्या थांबेपर्यंत उठली नाही. मग उठली आणि दोन्ही दारं लावून आली.