सायप्रसच्या फळीवरचा पाहुणा

माझ्या काकाला, आल्सीद वेरेटला, कुणी एकटं पडलेलं बघवत नसे. आमच्या बायूच्या, त्या संथ दलदली ओढ्याच्या काठाला ती रीतच आहे. डुक्कर कापलं की बुदँची, भात-मांस भरलेल्या आतड्याची, पहिली परात आजाऱ्याच्या घरी जाते, जेवताना न आलेल्याचंही ताट मांडतात. पण काका त्या रीतीत जरा जास्तच मुरलेला होता. तेच त्याला नडलं.

तो यार्डात कामाला. समुद्रातल्या तेलविहिरींसाठी तिथं पाइप जोडतात आणि त्या जोडांचे आरपार फोटो काढावे लागतात. जड पेटीतून किरणं सोडणारी बारकी गोळी तारेनं बाहेर सरकवायची, फोटो झाला की परत आत ओढायची. मीही त्याच्या बरोबरीनं हेच करतो. छातीवर प्लास्टिकचा बिल्ला लावायचा. अंगाला किरणं किती लागली, ते तो टिपतो. दर तिमाहीला बिल्ले प्रयोगशाळेत जातात आणि तिथून आकडे येतात.

"सासूच हाय ही," काका बिल्ल्यावर टिचकी मारून म्हणायचा. "जळताना वाचवायची न्हाई, पर किती जळला त्ये इसरायची न्हाई."

"माझ्या आईला मधी आणू नगा," अर्लीनकाकी म्हणायची. "तिनं तुम्हाला फुकट जेवायला घातलंय."

बिल्ले इकडंतिकडं पडतात म्हणून काकानं सायप्रसच्या लाकडाची फळी रंधली, खुंट्या ठोकल्या, प्रत्येकाचं नाव कोरलं. फळी लावली पेट्यांच्या खोलीच्या भिंतीवर, बाहेरून. पेटी उचलताना बिल्ल्याची आठवण राहावी, एवढाच हेतू.

बिल्ल्यांसोबत एक जास्तीचा, बिननावाचा यायचा. तो कुणी लावायचा नसतो, लांब ऑफिसात ठेवायचा असतो. त्याच्यावर जे उमटेल ते मातीतलं, आभाळातलं, जगात सगळ्यांनाच लागणारं. म्हणून तेवढं आमच्या प्रत्येकाच्या आकड्यातून वजा करतात. ऑफिसातली विल्डा तो टेबलाच्या खणात टाकायची. एकदा काकाला तो तिथं स्टेपलरखाली दिसला.

"ह्या बिचाऱ्याला का कोंडलंस गं?"

"कुणाचाच न्हाई त्यो, काका."

"मग आमचा."

फळीवरची शेवटची खुंटी त्याला मिळाली. खाली काकानं कोरलं, 'पाहुणा'. विल्डानं अडवलं नाही.

आमचे बिल्ले दिवसभर आमच्यासोबत हिंडायचे. पाहुणा मात्र रात्रंदिवस त्या भिंतीला चिकटून, आणि भिंतीपलीकडं पेट्या, बंद असतानाही थोडी किरणं झिरपणाऱ्या. त्याच्यावर भरमसाट उमटायचं आणि तेवढं सगळं आमच्यातून वजा व्हायचं. आमचे आकडे यायचे शून्य. प्रयोगशाळेनं कधी शंका काढली असेल, तर तो कागद विल्डाच्या खणात गेला असेल. आम्हाला वाटायचं, आपणच कामात तरबेज. यार्डानं शून्याबद्दल आम्हाला टोप्या वाटल्या. काका ती टोपी चर्चमध्येसुद्धा घालून जायचा.

मग त्याचं रक्त बिघडलं. उपचार होता, पण झेपणारा नव्हता. आजार कामातून आला असं ठरलं, तरच यार्डाकडून खर्च मिळणार होता. आणि काकाच्या नावावर तर शून्य.

आमची वकीलबाई यार्ड बघायला आली. फळीपुढं थांबून तिनं विचारलं, "हा पाहुणा कोण?" मी सांगितलं. तिनं भिंतीपलीकडच्या पेट्या डोकावून पाहिल्या. मग काकाकडं वळली.

"तुमची सगळी शून्यं खोटी आहेत. ऑफिसनं हा बिल्ला चुकीच्या जागी ठेवला, एवढं सिद्ध झालं तर यार्डाला भरावं लागेल. कुणी टांगला ते तुम्हाला आठवत नाही, इतकंच म्हणा."

हूमा शहरात सुनावणीच्या दिवशी काकाला मी दंडाला धरून आत नेलं. विल्डाला आधी साक्षीला उभं केलं होतं. बिल्ला कुणी नेला ते वदवून घ्यायला यार्डाच्या वकिलानंच तिला कोंडीत धरलं: बिल्ला तुमच्या ताब्यात होता ना, मग गेला कसा? ती रुमाल पिळत राहिली. काकाचं नाव तिनं घेतलं नाही.

मग बिल्ला कुणी टांगला, ते त्यानं काकाला विचारलं.

"म्या टांगला," काका म्हणाला. "तिनं न्हाई."

वकीलबाईनं डोळे मिटले.

"का टांगला?" यार्डाच्या वकिलानं विचारलं.

"एकटा पडला व्हता."

कुणीतरी हसलं. त्यानंतरचं लवकर उरकलं. जुन्या बिल्ल्यांवर मुळात काय उमटलं होतं, ते कुणीच ठेवलेलं नव्हतं. शून्य खोटं असेल, पण खरा आकडा कोण सांगणार? आणि घोटाळा तर दावेदाराच्याच हातचा. दावा फेटाळला.

परतताना काकी गाडीत मागं बसली होती.

"आठवत न्हाई म्हटलं असतं तर जीभ झडली असती का?"

"ती पोरगी एकटीच हुभी व्हती, अर्लीन."

"आणि मी?"

काकानं काच खाली केली.

उन्हाळा लागायच्या आत तो गेला. विल्डा मातीला आली, कुंपणाशी उभी राहिली आणि काकीला न भेटताच परत गेली.

पाहुणा आता ऑफिसात असतो. पहिल्या तिमाहीचे आकडे आले, तेव्हा आम्ही फळीपुढं उभं राहून वाचले. एकाचाही शून्य नव्हता. त्यामागची वर्षं मात्र आमच्या नावावर अजून कोरीच आहेत, तशीच राहतील. एकानं टोपी काढली, उलटसुलट करून पाहिली आणि परत डोक्यावर घातली. मग आम्ही बिल्ले लावले आणि पेट्या उचलल्या.