अक्काच्या वाईनला मी नावं ठेवली

हे मी आजवर कुणापुढं बोललो नाही. बायकोपुढं नाही, पलटणीतल्या दोस्तांपुढं नाही. देवापुढंही नाही — त्याला काय, ठाऊकच असणार. तुला सांगतोय ते तू माझा कुणी लागत नाहीस म्हणून. आणि आधीच बजावतो, ऐकून हळहळायचं नाही. मला समजूनबिमजून घ्यायचं नाही. निमूट ऐकायचं.

मी फौजेत होतो, पण बंदूक फारशी चालवली नाही. ऑफिसर मेसचा हवालदार मी. पांढरे हातमोजे, हातात ट्रे आणि तोंड बंद. साहेबलोकांना लाल वाईन ओतता ओतता मी ती शिकलो — बाटलीत उरलेली चाखून, आणखी कशी? त्यात लाजायचं काय? आमच्या भागातली पोरं फौजेतून येताना ट्रंक आणतात, रम आणतात. मी जीभ घेऊन आलो.

गावात पिणाऱ्यांना तोटा नव्हता, पण भारी लाल वाईन प्यावी कशी हे सांगणारा मी एकटा. सांगायचो — अरे, आपल्या उन्हाळ्यात खोलीतली बाटली तशीच उघडलीस तर काढा पिशील काढा! आधी गार पाण्याच्या बादलीत बसव. उघडलीस की लगेच ढोसू नको, रुंद तोंडाच्या भांड्यात ओत, जरा वारा लागू दे तिला. तळाचा गाळ बाटलीतच ठेव. मग घोट घे, आणि गिळायची घाई करू नको. माणसं तोंडाचा आ करून ऐकायची. मला लय बरं वाटायचं. का वाटू नये?

आता अक्का. माझी थोरली बहीण, पलूसकडं दिलेली. दाजी, म्हणजे तिचे मालक, जरा वेडेच. सगळा भाग खायची द्राक्षं लावतोय आणि ह्यांनी मुरमाड माळावर वाईनच्या काळ्या द्राक्षांच्या वेली लावल्या. भूमध्य समुद्राकाठची जात — तिकडंही असंच ऊन, अशीच खडकाळ जमीन, म्हणायचे. शेडमध्ये टाक्या बसवल्या, ओकच्या लाकडाची पिंपं आणली. आणि पहिलं पीक निघायच्या आत माणूस गेला. छातीत कळ आली, बसल्या जागी खलास.

अक्कानं ती वाईन केली. आणि अक्काच्या गळ्यात तुळशीची माळ. माळकरी बाई, दारूचा थेंब ओठाला लावणार नाही. मालकांचं राहिलेलं काम म्हणून तिनं हात घातला, पण माळ उतरवली नाही. चार ठिकाणी जाऊन शिकून आली, रस आंबताना त्यात हात घालून बघायची, वास घ्यायची, रंग बघायची. चाखायची वेळ आली की मला बोलवायची. "जीभ तुजी, बापू. तू म्हणशील तसं," एवढंच म्हणायची.

कळतंय का तुला? दाजींनी माळावर लावलेलं ते सगळं माझ्या एका शब्दावर टांगलेलं होतं.

आता ते सांगतो — नाही, थांब, आधी दुसरं सांगायला पाहिजे.

वाईन पिंपात मुरत होती तेव्हा वाईच्या एका हॉटेलवाल्याची माणसं मळा बघायला आली. नमुना म्हणून मी माझ्याकडची एक परदेशी बाटली उघडली, ग्लास कसा धरायचा ते सांगायला लागलो. तर अक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "बापू, तू निस्तं वत. बोलायचं मी बगते." माणसं हसली. तिच्या मनात काही नव्हतं, ती कामाच्या गडबडीत होती. पण मला विचार! सगळी नोकरी हेच तर ऐकत आलो होतो. आता सख्ख्या बहिणीनंही तेच सांगावं?

त्या माणसांनी पुढच्या उन्हाळ्यात चाखायला येतो, पसंत पडली तर सगळी उचलतो, असा शब्द दिला. ती यायच्या आधी अक्कानं पिंपातून ग्लासभर काढून माझ्या हातात दिली.

गड्या, काय होती ती! रंग पिकल्या जांभळाचा. नाक खाली नेलं तर तापलेल्या माळाचा वास, वाळल्या ओव्याचा, काळ्या मनुकांचा. घोट घेतला तर सुपारी चावल्यावर आकसते तशी जीभ आकसली, आणि त्या तुरटपणाच्या मागं असा भरदार गोडवा, की मी भिंतीला टेकलो. तुरट होती ती कोवळी होती म्हणून. अशी वाईन ठेवली की वाढते, हे मला कळतं. मी जन्मभर जे जे ओतलं त्यातलं काहीच तिच्या पासंगाला पुरलं नसतं. आणि केली कुणी? जिनं कधी थेंब चाखला नाही, त्या बाईनं.

मी ती थुंकली. "बिघडली, अक्का," म्हणालो. "आंबली. शिरका हुयाला लागलाय. वासाला आजून कळायचं न्हाई, जिभंला कळतंय."

"समदी?"

"समदी."

"दुसऱ्या कुणाला दावून बगू?"

"दाव की. हसं हुईल."

हा शेवटचा शब्द मी मुद्दाम टाकला. तिनं कुणाला दाखवू नये म्हणून. तिनं नाही दाखवली. हॉटेलवाल्यांना तिनंच फोन करून नाही म्हणून सांगितलं. मला म्हणाली, "माजंच काय तरी चुकलं आसंल. समदी वतून टाक. मला बगवायचं न्हाई." त्यानंतर तिनं जेसीबी बोलावला आणि दाजींच्या वेली मुळासकट उपटून काढल्या. जिवंत, पालवी फुटलेल्या वेली. मी बांधावर उभा राहून बघत होतो. थांब म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी नाही म्हणालो.

एका वाक्यासाठी हे केलं? व्हय, एका वाक्यासाठी. आणि ती वाईन चांगली होती, म्हणूनही. वाईट असती तर मी तिला धीर दिला असता, कौतुकही केलं असतं. मला झोप लागत नाही असं तुला वाटत असेल तर तसलं काही नाही. चांगली लागते.

पण सगळी मी ओतली नाही. एका पिंपाच्या बाटल्या भरल्या, बुचं ठोकली, वर मेण लावलं. हरिपूरला माझ्या एका दोस्ताचं हळदीचं रिकामं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, अरुंद तोंडाचं कोठार. आत कायम गारवा, कायम अंधार. लाल वाईन मुरवायला याहून बरी जागा कुठली? बुचं ओली राहावीत म्हणून बाटल्या आडव्या लावल्या. अजूनही पेव उघडलं की आधी तासन्‌तास हवा खेळू देतो, मग दिवा आत सोडून बघतो. दिवा विझला तर उतरायचं नाही, आतली हवा जीव घेते. दरवर्षी मी एखादी बाटली वर काढायचो. तुरटपणा हळूहळू विरत गेला, वास खोल होत गेला. दरवर्षी ती वाईन मला खोटं पाडत होती आणि मी ती मिटक्या मारत पीत होतो.

यंदा भाऊबीजेला अक्का घरी आली, जावयाला घेऊन. जावई पुण्याचा, वाईनमधला थोडाफार जाणकार. मी त्याच्यासाठी एक बाटली उघडली. रीतसर गार केली, भांड्यात ओतली, वारा दिला. त्यानं एक घोट घेतला, लगेच दुसरा घेतला. मग म्हणाला, "मामा, ही कुठली?"

"फ्रान्सची," मी म्हणालो.

अक्का ओवाळायचं ताट घेऊन आली होती. तिनं ताट खाली ठेवलं, जावयाच्या हातातला ग्लास घेतला आणि नाकाशी धरला. बराच वेळ धरला. पण एवढ्या वर्षांत वास पार बदललेला, तिला नाही ओळखता आला.

"आसलीच करायची हुती तुज्या दाजींस्नी," ती म्हणाली. "मला न्हाई जमली."

मी म्हणालो, "अवघड आसतं, अक्का."

मग तिनं मला ओवाळलं. कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, माझ्या तोंडात साखर घातली. मी मान खाली घालून नाही, चांगली ताठ ठेवून बसलो होतो. ती गेल्यावर बाटलीत उरलेली सगळी मी संपवली.