मेव्हण्याचा व्यायाम आणि आमचं खळं

मी चौथीतून शाळा सोडलेली, म्हणून कॉलेजातल्या पोरांचं मला भारी अप्रूप. बायकोचा धाकटा भाऊ कल्याणला कॉलेजात होता. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे कडावला आला, तो पोट घेऊनच. कबड्डीच्या सरांनी त्याला बजावलं होतं, सुट्टीनंतर न थांबता मैदानाला फेऱ्या मारल्यास तर संघात, नाहीतर बाहेर बस.

रोज जेवताना सांगायचा, "ताई, उद्यापास्नं धावनार." सकाळी गोधडीतून आवाज यायचा, "आज थंडी हाय गं." व्यायामाचं पुस्तक होतं, पांढरे कॅनव्हासचे बूट होते. व्यायाम तेवढा नव्हता.

तेव्हा आमचं भात कापून पडलेलं. झोडणीसाठी बायकोनं दारापुढचं खळं पाणी मारून, लाकडी चोपण्यानं चोपून चोपून गुळगुळीत केलं आणि संध्याकाळी शेणानं सारवलं. नेमका दुसऱ्या पहाटे साहेबाला हुरूप आला. सपाट जागा दिसली, बूट चढवले आणि ओल्या खळ्यावर उड्या!

धप्पकन आवाज आला म्हणून आम्ही बाहेर पळालो. गडी शेणात उताणा, पुस्तक छातीवर, खळ्यात खड्डेच खड्डे.

"झाला व्यायाम?" बायकोनं विचारलं.

"ताई, सुरुवात तर केली!"

"मंग शेवट पन कर. आदी ते बूट काढ." तिनं चोपणं त्याच्या हातात दिलं. "खळं पयल्यासारखं झाल्याबिगर च्या नाय."

चार फटक्यांत तो धापा टाकायला लागला. मी हसलो, तर मलाही चोपणं मिळालं. शेजारणी कुंपणावरून ओरडल्या, "अगं, कालेजवाला हळू मारतोय, खळ्याला लागंल म्हनून!" तो चिडून जोरात हाणायचा, त्या आणखी खिदळायच्या. शेवटी आम्ही तिघं हसून हसून खाली बसलो, ते पुन्हा ओल्यातच.

दुसऱ्या सकाळी गोधडी रिकामी. हा शेजारणीच्या खळ्यावर! एकट्यानं धावायचा त्याला कंटाळा. चेष्टा करायला माणसं असली की दुपारपर्यंत चोपणं खाली ठेवायचा नाही. सुट्टीभर त्यानं आळीतली खळी चोपली. पोट उतरलं, सरांनी संघात घेतलं. बायकोनं गल्लीभर गूळ वाटला.

त्याला आता कैक वर्षं झाली. यंदा ती गेली. घर खायला उठतं, खोटं कशाला बोलू. परवा मेव्हणा आला. त्याचंही डोकं आता पांढरं. म्हणाला, "दाजी, खळं पार उखडलंय. चोपू या का?" आणि बुटासकट उतरायला लागला.

मी तिच्यासारखाच खेकसलो, "अरं, आदी बूट काढ!"

दोघं म्हातारे पोट धरून हसलो. मग अनवाणी चोपत बसलो, दम लागेस्तोवर.